डेस्कटॉपवर राहिलेली फाइल

त्या वर्षी माझा कॉम्प्युटर तेरा वर्षांचा झाला होता. सकाळी नवऱ्याची कंपनीची बस गेली की मी बटण दाबायची आणि स्वयंपाकघरात जायची. कणीक मळून व्हायची, पोळ्या लाटून व्हायच्या, तरी पडद्यावरचं ते चक्र फिरतच असायचं. चालू झाल्यावरही लगेच हात लावायचा नाही, नाहीतर तो जागीच गोठायचा. मग पुन्हा बंद करा, पुन्हा चालू करा.

चिखलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, बाहेरच्या खोलीत, मी मराठी टायपिंगचं आणि पानं लावून द्यायचं काम करते. शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, वकिलांचे कागद, कधी एखादी स्मरणिका. लोक मला सांगायचे, "नवीन घेऊन टाका की ताई, किती दिवस याच्याशी झुंजणार?" मी प्रत्येकाला तेच उत्तर देऊन कंटाळले होते. माझं टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं आहे. ते चालायला कॉम्प्युटरच्या मागे अंगठ्याएवढं एक लॉक लावावं लागतं. ते बनवणाऱ्यांनी धंदा केव्हाच बंद केला. नव्या कॉम्प्युटरला ते लॉक कळत नाही, आणि सॉफ्टवेअर नसेल तर माझ्या बारा वर्षांच्या फाइली उघडूनही उपयोग नाही. 'क'च्या जागी कंस दिसतो आणि 'ळ'च्या जागी भलतंच काहीतरी. नव्या पद्धतीचं टायपिंग मला येतं, पण जुन्या फाइली कोण पुन्हा टाइप करणार? म्हणून आहे त्यालाच अजून चार-पाच वर्षं चालवायचं, असं मी ठरवलं होतं.

आणि त्या वर्षी माझ्याकडे बाबांचं काम होतं.

हे बाबा चाकणच्या पलीकडच्या एका गावचे. वय ऐंशीच्या घरात. एका वकिलांनी त्यांना माझा पत्ता दिला होता. त्यांच्या गावची बहुतेक जमीन टप्प्याटप्प्यानं एमआयडीसीत गेली होती. पहिल्या दिवशी ते पिशवीतून तीन वह्या काढून म्हणाले, "सातबाऱ्यावं गट नंबर आसतो पोरी, पन आमी कंदी नंबर म्हनलो न्हाई. परत्येक शेताला नाव व्हतं. आता पोरांना शेडचं नाव म्हाईत हाय, शेताचं न्हाई."

वह्यांमध्ये ओढ्याअलीकडच्या सगळ्या शेतांची नावं होती. तांबड्याचं, घोडेमाळ, लवणातलं, चिंचेची पट्टी, कुंभारखाण, चोरओढ्याचं. प्रत्येकापुढे गट नंबर, ते कोणाचं होतं, तिथे काय पिकायचं आणि नाव कसं पडलं, हे दोन-तीन ओळींत. त्यांना त्याची पुस्तिका करायची होती, आणि चैत्रात गावची यात्रा असते तेव्हा घरटी एक वाटायची होती. मी आजवर हजारो पानं टाइप केली असतील, पण टाइप करता करता वाचत बसले अशी पानं फार थोडी. ही त्यातली होती.

तीन वह्या टाइप करून, छापून, त्यांच्याकडून तपासूनही घेतल्या. चौथा भाग ओढ्यापलीकडच्या शेतांचा, तो अजून लिहायचाच होता. तोवर बाबांचा हात थरथरायला लागला होता, पेन धरवत नव्हतं. ते म्हणाले, "मी सांगतो, तू मार मशीनवं." मग ते तीन दुपारी आले. चाकणहून बसनं भोसरी, तिथून दुसऱ्या बसनं चिखली. माझ्या शेजारी खुर्चीवर बसून, डोळे मिटून सांगायचे. मध्येच कॉम्प्युटर अडकायचा.

"थांबलंय का परत?"

"थांबलंय बाबा."

ते नाव तोंडात धरून बसून राहायचे. मला इतकी लाज वाटायची! तिसऱ्या दुपारी तर तो पूर्ण गोठला आणि एक अख्खं पान गेलं. बाबांनी ते पुन्हा सांगितलं. त्या घाईत मी ती फाइल डेस्कटॉपवरच ठेवली. एरवी माझं सगळं काम डी ड्राइव्हमध्ये असतं, पण तिथलं फोल्डर उघडायलाही वेळ लागायचा, म्हणून म्हटलं, नंतर हलवू. पेनड्राइव्हवरही घेतली नाही. तेही नंतरच.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी म्हणाले, "अहो, याचं काहीतरी करायलाच पाहिजे आता."

"मी हाय ना," तो म्हणाला.

नवरा चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, पत्र्याचे सुटे भाग ठोकतात तिथे, मेंटेनन्सला आहे. लातूरकडचा. बंद पडलेलं काहीही समोर आलं की त्याचे डोळे चमकतात. आमचा मिक्सर, शेजाऱ्यांची पाण्याची मोटर, जिन्यातला दिवा, सगळं त्याच्याच हातचं. त्यानं मोबाइलवर व्हिडिओ बघितले आणि दोन दिवसांत मला सांगितलं की रॅम वाढवायची आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, बसवायची, म्हणजे हा गडी पळायला लागेल. मलाही तेच हवं होतं. मी हो म्हणाले.

रॅम त्यानं ऑनलाइन मागवली. गुरुवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, कॅबिनेट जमिनीवर आडवं करून त्यानं झाकण उघडलं. आत धुळीचा थर बसला होता. तो त्यानं ब्रशनं इतका छान साफ केला की मला त्याचं कौतुक वाटलं. मग त्यानं नवी पट्टी काढली आणि खाचेत दाबायला लागला. ती बसेना. त्यानं उलटी करून बघितली, पुन्हा दाबली.

"बोर्डावरचा कट इकडं हाय आन् पट्टीवरचा तिकडं," तो म्हणाला. "तीन-चार मिलिमीटरचा फरक हाय."

"म्हणजे चुकीची आली."

"चुकीची म्हणजे... कानस मारून कट थोडा सरकवला तर बसंल की."

मी त्याच्या हातातून पट्टी काढूनच घेतली. "कंपनीत करा ते. माझ्या कॉम्प्युटरला कानस लावायची नाही."

ती परत पाठवायला दहा दिवस गेले. मग तो पिंपरीच्या बाजारातून जुन्या जातीची, वापरलेली पट्टी शोधून घेऊन आला. ती खाचेत बसली, पण बटण दाबलं की कॉम्प्युटर नुसता तीनदा ओरडायचा आणि पडदा काळाच. चार वेळा काढली, घातली. शेवटी त्यानं पट्टीचे सोनेरी दात खोडरबरानं घासले आणि पाचव्यांदा तो चालू झाला. आम्ही दोघं अक्षरशः टाळ्या वाजवल्या. त्या आठवड्यात कॉम्प्युटर खरंच कमी अडकायला लागला. माझी चूक एकच झाली. त्या आनंदात मी नवऱ्यावर जरा जास्तच विश्वास टाकला.

एसएसडीसाठी आम्ही दोघं चिंचवडच्या एका दुकानात गेलो. काउंटरवरचा माणूस माझ्याकडे बघतच नव्हता. मी विचारायची आणि तो उत्तर नवऱ्याला द्यायचा.

"यात आता काही दम नाही सर. भंगारात द्या, एक्स्चेंजमध्ये नवीन घेऊन जा."

"मला नवीन नकोय," मी म्हणाले. "याच्यावर माझं जुनं सॉफ्टवेअर आहे, त्याचं लॉक नव्यावर चालत नाही. मला फक्त डिस्क बदलायची आहे, आणि जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवून हवंय."

"सर, मॅडमना सांगा, आजकाल लॉकबिक कोणी वापरत नाही."

मी नवऱ्याचा दंड धरून त्याला बाहेर आणलं. रस्त्यावरच त्याला सांगितलं, "दुसरं दुकान बघू. पण नीट लक्षात ठेवा, फॉरमॅट करायचं नाही. जशीच्या तशी नक्कल. क्लोन म्हणतात त्याला."

"हां गं, कळतंय मला. मी काय अडाणी हाय का?"

पुढच्या गुरुवारी मला एका शाळेत वार्षिक परीक्षेच्या पेपरांसाठी बोलावलं होतं. मी दुपारी परत आले तर नवरा दारातच उभा, चेहरा फुललेला. तो सकाळीच कॅबिनेट दुसऱ्या एका दुकानात घेऊन गेला होता आणि काम करूनही आला होता.

"बस हितं. बघ फक्त."

त्यानं बटण दाबलं. मी चप्पल काढेपर्यंत पडदा उजळला. स्वच्छ निळा पडदा, कोपऱ्यात एकच कचऱ्याची टोपली.

"माझं सगळं कुठंय?"

"डी मध्ये हाय की, नव्या डिस्कवर उतरवून घेतलंय. तुझ्या फाइली सगळ्या हायेत, मी स्वतः मोजल्या."

"सॉफ्टवेअर?"

"ते टाकू परत. सीडी हाय ना तुझ्याकडं?"

"आणि डेस्कटॉपवर होतं ते?"

तो म्हणाला, "डेस्कटॉपवर काय होतं?"

मी एकेक फोल्डर उघडत गेले. डी मध्ये सगळं होतं, बाबांचे पहिले तीन भागही होते. चौथा नव्हता, कारण डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्ये असतो.

"त्यानं मला विचारलं," नवरा सांगत होता, "की सी मध्ये काही कामाचं हाय का. मी म्हणलं नाही, सगळं डी मध्ये आसतं. तूच म्हणतीस की नेहमी. मग तो म्हणला, क्लोन केलं तर जुना कचरापण येतो, नवीन सिस्टिम टाकू, मक्खन चालंल. म्हणलं टाक."

"मला फोन का नाही केला?"

"तू मीटिंगला होतीस."

"तुमच्या प्रेसचं सेटिंग तुम्ही नसताना मी येऊन बदललं तर चालेल? तुम्ही काय कराल माझं?"

मी जुनं लॉक मागे लावलं, सीडी शोधली. सीडीचा ड्राइव्ह चालेना, कारण त्याची वायर काढून दुकानदारानं नव्या डिस्कला लावली होती. नवऱ्यानं खणातून दुसरी वायर शोधून जोडून दिली. सॉफ्टवेअर बसलं, पण उघडताना एक ओळ यायची, की लॉक सापडत नाही. दहा वेळा तेच. लॉकचा लहानसा लाल दिवासुद्धा लागत नव्हता. मी बाबांचा पहिला भाग उघडून बघितला. पानभर कंस, टक्के आणि प्रश्नचिन्हं.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. रागानं रडले. नवऱ्याचा राग होताच, पण स्वतःचा त्याहून जास्त. ती फाइल हलवायला किती वेळ लागला असता? पाच मिनिटं. आणि ती पाच मिनिटं मला महिनाभरात मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी एकटी रिक्षानं त्या दुकानात गेले. काम करणारा माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, सरांनी ओके दिलं होतं."

"कॉम्प्युटर सरांचा नाही. माझा आहे."

त्यानं पावती पुढे सरकवली. "बिल सरांच्या नावावर आहे."

तेरा वर्षं त्या कॉम्प्युटरवर मी काम करतेय. त्याच्या कमाईतून मुलीच्या कॉलेजची फी गेली. आणि तो कोणाचा आहे, हे हा माणूस मला पावती दाखवून सांगत होता! मी विचारलं, जुनी डिस्क कुठे आहे? तर ती आतच होती. ती साफ करून त्यानं जादा जागा म्हणून जोडून दिली होती. "फ्रीमध्ये केलं," तो म्हणाला. एवढं मात्र त्यानं खरं सांगितलं की तिच्यावर नवीन काही लिहिलं नसेल तर जुनं थोडंफार निघू शकतं. "पण आम्ही ते करत नाही."

घरी येऊन मी सगळ्यात आधी कॉम्प्युटरची पिनच काढली.

पुढचे पाच दिवस मी नवऱ्याशी कामापुरतं बोलले. डबा भरून ठेवायची आणि उचलायला सांगायची, बस. तो घरात चोरासारखा वावरत होता. त्या दिवसांत माझी इतर कामंही अडली. शाळेचे पेपर मी मैत्रिणीच्या घरी जाऊन नव्या पद्धतीनं पुन्हा टाइप केले, कारण मागच्या वर्षीचे उघडत नव्हते. बाबांचा एकदा फोन आला, "झालं का गं?" मी म्हणाले, "थोडं राहिलंय." खोटं बोलले म्हणून त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सहाव्या दिवशी नवऱ्यानं चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि उभ्यानंच म्हणाला, "आमच्या गेटवरचे सिक्युरिटीवाले काका मिलिटरीतले हायेत. त्यांनी सांगितलं, देहूरोडला एक चाचा हायेत. आधी ऑफिसांचे टाइपरायटर दुरुस्त करायचे, आता हे करतात. डिस्कमधून गेलेलं काढतात म्हणे." मग जरा थांबून म्हणाला, "तू चल. तूच बोल. मी नुसतं गाडी चालवतो."

गुरुवारी आम्ही निघालो. कॅबिनेट चादरीत गुंडाळून मी मागच्या सीटवर मांडीवर घेतलं होतं. निगडीच्या पुढे खड्डा आला की दोन्ही हातांनी त्याला आवळून धरायची.

चाचांचं दुकान म्हणजे एक अरुंद गाळा, भिंतीला टेकलेले चार उघडे कॅबिनेट आणि कोपऱ्यात खरोखरच एक जुना टाइपरायटर. चाचा पांढऱ्या दाढीचे, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी झाकणाला हात लावायच्या आधी विचारलं, "यावर काम कोण करतं?"

"मी."

मग त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं. "सांगा ताई, पहिल्यापासून. काय होतं, कुठे होतं, मग काय काय केलं?"

त्या क्षणी मला किती बरं वाटलं! मी सगळं सांगितलं. नवरा दाराशी उभा होता. त्याची पाळी आली तेव्हा त्यानंच पुढे होऊन सांगितलं, "फॉरमॅटला हो मीच म्हणलं, चाचा."

चाचांनी त्याच्याकडे एकदा बघितलं. मला म्हणाले, "लॉकचा प्रॉब्लेम छोटा आहे. ही नवी सिस्टिम त्याला ओळखत नाही. मी नव्या डिस्कवर तुमची जुनीच सिस्टिम टाकून देतो, मग चालेल. पण इंटरनेटला लावायचं नाही, जुन्या सिस्टिमला आता कोणी वाली नाही. फाइलचं मात्र वचन नाही देत. जेवढं निघेल तेवढं तुमचं नशीब."

आठ दिवस लागले. मी रोज फोन करायची आणि ते रोज म्हणायचे, "चालू आहे ताई, डिस्क हळू वाचतेय." नवव्या दिवशी त्यांनी बोलावलं. कॉम्प्युटर भिंतीशी चालू होता, पाठीमागे लॉकचा लाल दिवा लागला होता. माझं सॉफ्टवेअर उघडलं. जुनी फाइल उघडली आणि पडद्यावर नीट, शहाणी अक्षरं आली. मी हातच जोडले.

"थांबा," चाचा म्हणाले. "ती फाइल बघा आधी."

चौथा भाग निघाला होता. पहिलं पान, दुसरं, तिसरं, सगळं बरोबर. सातव्या पानाच्या मध्यावर एक वाक्य तुटलं आणि पुढे नुसते चौकोन. शेवटपर्यंत चौकोन.

"दुकानदारानं साफ केल्यावर त्या जागेवर दुसरं काहीतरी लिहिलं गेलंय," चाचा म्हणाले. "मी तीन प्रकारे करून बघितलं. एवढंच आहे."

परतताना नवरा म्हणाला, "मी बोलू का बाबांशी?"

"नाही," मी म्हणाले.

फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. मी दुसऱ्या दिवशी बसनं चाकणला गेले आणि तिथून शेअर रिक्षानं त्यांच्या गावाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या भिंती आणि भिंतींना लागून थांबलेले ट्रेलर. बाबा ओट्यावर बसले होते. मला बघून त्यांना वाटलं, पुस्तिका घेऊन आले. सुनेला हाक मारून चहा सांगितला. चहा येईपर्यंत मी सगळं सांगून टाकलं. नवऱ्याचं नाव मध्ये आणलं नाही. "माझ्या हातून गेलं," म्हणाले.

त्यांनी एवढंच विचारलं,

"किती ऱ्हायली?"

"ओढ्यापलीकडची शेवटची तीस-एक शेतं."

"त्यातली निम्मी मला म्हाईतच नव्हती. माझ्या थोरल्या भावजयीनं सांगितली व्हती. तिचं शेत व्हतं ना तिकडं, ती जायाची खुरपायला. मी ऐकून आलो आन् तुला सांगितली." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "ती आता आळंदीला असती लेकीकडं. म्हैना झाला, मानसं वळखत न्हाई."

मी "पुन्हा प्रयत्न करू" असं काहीतरी म्हणाले. ते एकदम चिडले. त्यांना चिडलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं.

"परत परत काय सांगू? वहीत लिवलं आसतं नातवाकडनं, तर ऱ्हायलं आसतं. मशीनला दिलं की झालं, आसं वाटलं मला. येडा मी!"

सून दारात कप घेऊन तशीच उभी राहिली. बाबा खरं तेच बोलत होते. कारखाने आले, जमीन गेली, तेव्हाही त्यांनी नावं राखली होती, आणि ती माझ्या टेबलावर गेली.

थोड्या वेळानं तेच उठले. "चल वर," म्हणाले. त्यांच्या घराच्या स्लॅबवर जिना जातो. वरून ओढ्याची झाडांची रेघ दिसत होती आणि तिच्या पलीकडे शेडच शेड, निळे, पांढरे, एकाला एक लागून. बाबांनी कठड्याला धरून बोट लांब केलं. मी पर्समधून वही काढली. कॉम्प्युटरचं नावही काढलं नाही.

"त्या निळ्या शेडचं ह्या अंगाचं टोक हाय ना, तिथं इनामाची पट्टी. तिला लागून खालच्या अंगाला... बाभळीचं. त्याच्या म्होरं..." ते थांबले. डोळे बारीक केले. "म्होरं इहीर व्हती. इहीर दिसत न्हाई आता. इहिरीबिगर कसं सांगू?"

तीन तास आम्ही त्या उन्हात होतो. बोट पुढे जायचं, मागे यायचं. कधी एकदम तीन नावं लागोपाठ यायची, कधी एका नावासाठी पंधरा मिनिटं जायची आणि ते यायचंच नाही. त्यांचा आवाज बसला. मी म्हणाले, "बास बाबा," तर म्हणाले, "लिव तू." शेवटी एकवीस शेतं झाली. नऊ राहिली.

यात्रेला पुस्तिका झाली नाही. अक्षय्यतृतीयेनंतर छापली. नऊ शेतांचं काय करायचं, हे मी फोनवर विचारलं. मला वाटत होतं, ती गाळावी, म्हणजे कोणाच्या लक्षात येणार नाही. बाबा म्हणाले, "सातबाऱ्यावला गट नंबर टाक आन् म्होरं मोकळी जागा सोड. कुनाला आठवलं तर पेनानं भरंल." मी तसंच केलं. शेवटच्या तीन पानांवर ठिकठिकाणी त्या मोकळ्या ओळी आहेत. प्रत्येक ओळ लावताना मला कीबोर्ड उचलून आपटावासा वाटला.

कॉम्प्युटर आता चांगला चालतो, हे खरं आहे. चाचा म्हणाले होते तसा तो नेटपासून तोडलेला आहे, त्यामुळे प्रत्येक फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची, मग ती मोबाइलला जोडायची आणि तिथून पाठवायची. वकील म्हणतात, ईमेल का करत नाही लगेच? मी समजावून सांगायचंही सोडलंय. नवरा आता कॅबिनेटच्या आसपास फिरकत नाही. मला ते आवडतही नाही आणि त्याला पूर्वीसारखं हात लावा म्हणायला जीभही उचलत नाही. आम्ही पुष्कळ गोष्टी बोललो, हे मात्र अजून नीट बोललो नाही.

श्रावणात एका सकाळी बाबांचा फोन आला. भावजयीच्या लेकीला एक नाव आठवलं होतं. आईबरोबर ती लहानपणी त्या शेतावर जायची.

"गवळणीचं," ते म्हणाले. "लिवून ठिव."

पुस्तिका कधीच वाटून झाली होती. मी माझी प्रत काढली, पेनानं ते नाव त्या ओळीत भरलं आणि विचारलं, "बाकीची आठ?"

"न्हाई," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.